मुकं लग्न

लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ पाहायला विहीणबाई पाच वाजता येणार होत्या, आणि होम थिएटरमधून लग्नाचा आवाजच येत नव्हता. बातम्या ऐकू यायच्या, गाणी वाजायची. लग्न तेवढं मुकं. सगळ्या वायरी मी स्वतः काढून पुन्हा लावल्या होत्या. शेवटी कॉलेज रोडच्या दुकानातून मेकॅनिक बोलावला.

त्यानं चपला दाराबाहेर काढल्या, होम थिएटरच्या रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून विचारलं, “कधीपासून बोलत नाय?”

“सकाळपासून.”

“बिघडला नाय, ताई. त्याला समजत नाय. तुमचा व्हिडिओ बोलतोय अहिराणी, आन् या डब्याला येते नुसती मराठी. मी सटाण्याचा, मला दोन्ही येतात.”

टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्यानं आवाजाचा फॉरमॅट बदलला, डब्याला कळेल असा. पाचही स्पीकरमधून माझाच आवाज घुमला, “अगं बाई, विहीणबाईंची ही चौथी वाटी बासुंदी!”

तेवढ्यात दाराची बेल वाजली. “विहीणबाई आल्या!” मी म्हणाले.

त्यानं चटकन रिमोट दाबला आणि हळूच विचारलं, “ताई, बिघडवून देऊ का?”

“द्या.”

दुरुस्त करणारे पुष्कळ भेटले. वेळेवर बिघडवून देणारा तो एकटाच.