निळं कार्ड, सोनेरी कार्ड आणि आबांचा पाट

आमच्या पेणच्या कारखान्यात गणपती भादव्यात संपतात, किस्से संपत नाहीत. तीन म्हातारे एका ओळीत बसवा, मधे चहा ठेवा, बास. मी शेकड्यांनी ऐकलेत. ह्या एका ट्रिपचा मात्र विसरू म्हणता विसरत नाही, कारण त्यात माझा जीव टांगलेला होता आणि ह्यांना त्याचा पत्ताच नव्हता. निदान मला तसं वाटत होतं!

तीन म्हातारे म्हणजे माझे वडील आबा, शेजारच्या कारखान्याचे भाऊकाका आणि रोह्याचे पोह्याच्या गिरणीवाले दिगूतात्या. सीझन संपला की तिघं दरवर्षी कुठंतरी जातात. त्या वर्षी काठमांडू ठरलं. घरात सांगायला पशुपतिनाथ. खरं म्हणजे कॅसिनो! नव्वद सालानंतर ज्याला त्याला तिथल्या कॅसिनोची स्वप्नं पडायला लागली होती, ह्यांनाही पडली.

मला का नेणार? तर माहितीपत्रकं इंग्लिशमध्ये होती. रोह्याचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं म्हणून हीच माणसं मला उठताबसता "अर्धवट" म्हणायची. आणि वाचून दाखवायला अर्धवटच पाहिजे!

*

मुंबईहून एक टायवाला एजंट आला. त्यानं दोन हॉटेलांची पत्रकं प्लास्टरच्या पोत्यावर मांडली. दोन्हीत खाली कॅसिनो. दोन्हीकडं मेंबर झालात तर कार्ड मिळणार, एकाचं सोनेरी, दुसऱ्याचं निळं. सोनेरीवाले म्हणे जितक्या रात्री राहाल, तितक्या पुढच्या खेपेला फुकट देणार. निळ्यावाले नाश्ता, रात्रीचं जेवण आणि कॅसिनोत खेळायला थोडी कुपनं.

"आणि ही मेंबरशिप लाइफटाइम आहे बरं का!" एजंट म्हणाला.

तिघांचे चेहरे एकदम गंभीर झाले.

आमच्याकडं गणपती बुक करायची रीत अशी, की घरातला लाकडी पाट आणून कारखान्यात ठेवायचा. पाटामागं खडूनं नाव. चतुर्थीला त्याच पाटावरून मूर्ती न्यायची. एकदा ज्या कारखान्यात पाट दिला, तिथंच पिढ्यान्‌पिढ्या द्यायचा. एका घरानं आमच्याकडचा पाट उचलून भाऊकाकांकडं नेला, तर आबा आणि भाऊकाका दोन गणपती एकमेकांशी बोलले नव्हते! शेजारी शेजारी कारखाने, मधे एक गटार.

"म्हंजे हा पाटच झाला," आबा म्हणाले. "इचार करून द्याला पायजे."

एजंट हसला. "काका, एवढं टेन्शन नका घेऊ. दोन्ही कार्डं घ्या की!"

भाऊकाका उठले. "दोन दोन ठिकानी पाट? आमाला समजलास तरी काय तू?"

चहा सांगितलेला होता. तो दारातूनच परत पाठवला!

*

आता माझं सांगतो. माझा दोस्त गजा, रोह्याचा, निळ्या कार्डाच्या हॉटेलात किचनला होता. गणपतीला घरी आला तेव्हा म्हणाला, "सुन्या, मॅनेजरला रिसेप्शनवर पोरगा हवाय. हिंदी, इंग्लिश येणारा. तू नुसता समोर ये, पुढचं मी बघतो. पण येशील तर आमच्याच हॉटेलात ये. दुसरीकडं उतरून इकडं नोकरी मागायला आलास तर तो उभा करायचा नाय."

म्हणजे म्हाताऱ्यांनी निळं निवडलं तर माझी सुटका. सोनेरी निवडलं तर जन्मभर सोंडा घासायच्या, आणि ह्यांच्याकडून ऐकून घ्यायचं. घरी सांगायची सोय नव्हती. "नोकरी करायला परदेशात? आन् हितं कारखान्यात काय पाप हाय?" हे वाक्य मला ऐकल्याशिवायच पाठ होतं.

मी एकदाच म्हणालो, "निळं बरं वाटतंय."

भाऊकाका लगेच, "मंग सोनेरीच घ्या! ह्याला बरं वाटलं ते कंदी बरं निघालंय?"

त्या दिवसापासून मी तोंड शिवलं. पत्रक वाचताना हाताला घाम यायचा, निळ्याच्या कागदावर माझ्या बोटांचे डाग पडले होते.

*

मग ह्यांनी कॅसिनोची प्रॅक्टिस सुरू केली! मूर्ती रंगवताना फिरवायचं जे चाक असतं, त्याच्यावर खडूनं आकडे काढले. गोळी म्हणून सुपारी. भाऊकाका सोनेरीच्या बाजूनं, मी गप्प उभा निळ्याच्या बाजूनं.

भाऊकाकांनी चाकाला असा काही हिसका दिला, की सुपारी उडाली ती थेट कोपऱ्यातल्या उरलेल्या गणपतीच्या सोंडेवर. सोंडेचं टोक खाली!

"अपशकुन," भाऊकाका म्हणाले. "निळं कार्ड रद्द."

मी विचारलं, "फिरवलंत तुम्ही, सुपारी तुमची, निळ्यानं काय केलं?"

"तू हितं उबा व्हतास न!"

असली माणसं माझं आयुष्य ठरवणार होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं सोंड तुटली म्हणून.

*

दिगूतात्यांचं मत घ्यायला मला रोह्याला पिटाळलं. तात्या गिरणीत पोह्याच्या धुरळ्यात पांढरे होऊन बसलेले. सगळ्या रोह्याला दम देणारा माणूस, पण घरात काकूंपुढं आवाज निघत नाही. काकूंना पशुपतिनाथ एवढंच माहीत.

मी सोनेरीचं पत्रक वाचायला लागलो. त्यात एक कलम होतं, मेंबरच्या वाढदिवसाला हॉटेल घरच्या पत्त्यावर शुभेच्छापत्र पाठवणार. वर कॅसिनोचा रंगीत फोटो.

"घरी येनार?" तात्या धुरळा झटकत उभे राहिले.

"पोस्टानं."

"फोटोसकट?"

"रंगीत."

तात्यांनी गिरणी बंद करायला लावली. मला बाहेर आंब्याखाली नेलं. "माजं मत निळं. आन् आबाला, भाऊला कारण सांगू नको. सांग, तात्याला निळा रंग आवाडतो!"

निळ्याच्या पत्रकात शेवटून दुसऱ्या ओळीत तेच कलम होतं. तात्यांनी विचारलं नाही, मी वाचलं नाही. पण परतीच्या एसटीत नागोठण्यापर्यंत मी ती एकच ओळ वाचत बसलो. तात्यांनी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं तर?

*

एक मत सोनेरी, एक निळं. राहिले आबा. आणि आबा तेव्हा नवरात्राच्या देव्यांचे डोळे आखायला बसलेले. आखणीच्या वेळी ते बोलत नाहीत आणि कुणाला बोलू देत नाहीत. श्वाससुद्धा हळू घ्यायचा.

एजंट रोज फोन करायचा, वाण्याच्या दुकानात. "काय ठरलं?" मी म्हणायचो, "डोळे चाललेत." त्याला वाटायचं कुणाचं तरी ऑपरेशन आहे!

शेवटच्या देवीला एकच डोळा राहिला होता. आबांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि मान वर न करता विचारलं, "निळ्या हाटेलात काय हाय?"

"नाश्ता फुकट."

"आनिक?"

"रात्रीचं जेवण. कुपनं."

"गजा काय खातो तितं?"

मी गजाचं नाव घरात काढलंच नव्हतं. "मला काय माहीत!" मी ओरडलोच.

आबांनी डोळा पुरा केला. एकही रेघ हलली नाही. देवी माझ्याकडं बघायला लागली.

"निळं," आबा म्हणाले.

*

निघताना आबांच्या बॅगेबरोबर जुन्या धोतरात गुंडाळलेली एक फळी. मी विचारलं, "हे काय?"

"पाट."

"कशाला?"

"हाटेलाला पाट द्याचा म्हनतो ना आपून? मंग हात हालवत जायाचं?"

मी डोकं धरलं. गोरखपूरपर्यंतच्या गाडीत तो पाट सगळ्यांच्या गुडघ्यांना लागला. सोनौलीच्या सरहद्दीवर शिपायानं धोतर सोडायला लावलं. "इसमें क्या है?"

भाऊकाका पुढं झाले. "भगवान का खुर्ची!"

शिपायानं पाटाला नमस्कार केला आणि आमच्या बाकीच्या बॅगा उघडल्याच नाहीत. भाऊकाका काठमांडूपर्यंत छाती काढून बसले होते. मी मात्र एकच विचार करत होतो. आबा तो पाट मॅनेजरपुढं काढणार, मॅनेजर हसणार, आणि माझी नोकरी सुरू व्हायच्या आधीच जाणार.

*

हॉटेल म्हणजे नुसता काचेचा चकचकाट. दिगूतात्यांनी चपला दारातच काढल्या, त्या परत घालायला लावता लावता माझी धांदल. किचनच्या दारातून गजानं मान काढून खूण केली. काउंटरच्या मागं, सूट घातलेला, तोच मॅनेजर. दक्षिणेकडचा असावा. हिंदी त्याला आमच्या आबांइतकीच, सगळं इंग्लिश.

त्यानं निळ्या कार्डाचा फॉर्म पुढं केला. "मेंबरचं नाव?" मला विचारलं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात आबांनी धोतर सोडलं आणि पाट काउंटरवर ठेवला. फुलदाणी सरकली. आजूबाजूचे सूटबूटवाले थांबून बघायला लागले. मला वाटलं, जमीन फाटली तर बरं!

"आबा, उचला तो," मी दातओठ खात म्हणालो. "पाया पडतो, उचला."

आबांनी पाट उलटा केला. मागं खडूनं नाव होतं. आखणीच्या ब्रशनं काढावं तसं, रेघ न रेघ सरळ.

सुनील.

भाऊकाका दुसरीकडं बघत होते. दिगूतात्या पण. गजा तर गायबच.

"सांग त्याला इंग्लिशमदी," आबा म्हणाले. "म्हनावं, पाट ठिवून चाललूय. भादव्यात न्यायला येईन. तवर रंग उडू देऊ नको."

मी पाट स्वतःकडं ओढला.

"सांग की! कालेजात गेलावतास ना?"

मॅनेजरनं भुवया वर केल्या. "व्हॉट इज ही सेइंग?"

मी सांगितलं, नाश्त्याची वेळ विचारतायत.

"सेव्हन टू टेन," मॅनेजर म्हणाला आणि अदबीनं आबांकडं बघून मान हलवली.

आबांनीही मान हलवली. "कबूल झाला न? मंग चला."