पत्रावळीवर आडवे हात

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमची आई म्हणाली, की धाकट्याला घेऊन ती आता कुठेच जात नाही. दुकानात तो फरशीवर आडवा पडतो, बसमध्ये अंग ताठ करतो आणि लोक बघत राहतात. त्यावर थोरलीनं मागून विचारलं, "मीपण अशीच होते का?" आई घाईत होती, नुसती हसली. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण तेव्हा तू माझ्याकडे होतीस. धाकटा मोठा झाल्यावर हे कुणालाच खरं वाटणार नाही, म्हणून आत्ताच लिहून पाठवते. आईनं वाचून दाखवावं. तिला यातलं निम्मंच ठाऊक आहे.

तू तेव्हा अडीच वर्षांची होतीस. तुम्ही आता परदेशात राहता, तिकडे बाबा नोकरीवर रुजू झाले होते आणि आई पुण्यात वर्षभराचं प्रशिक्षण घेत होती. ते पूर्ण झालं तरच तिला तिकडे काम मिळणार होतं. म्हणून तू बीडला, माझ्या दोन खोल्यांच्या घरात राहिलीस. जेवणाची वेळ सोडली तर घरात तू गुणाची होतीस. उंबरठा ओलांडला की मात्र काय व्हायचं कोण जाणे. मंडईत, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत तू पाठीची कमान करून जमिनीवर पडायचीस आणि मला तुला उचलताही यायचं नाही. एकदा कपिलधारच्या धबधब्यावर नेलं, तर पाण्यापासून हलायला तयार नाहीस. शेवटची जीप निघून गेली आणि मी ओल्या पायरीवर बसून राहिले. येणारेजाणारे थांबून मला शिकवून जात होते.

हळूहळू मी आमंत्रणं टाळू लागले. हळदीकुंकवाला जाईना, ओळखीच्या लग्नाला जाईना. तुझा हात पोचू नये म्हणून दाराची कडी मी वर बसवून घेतली होती. पुढे पुढे ती माझ्याही हाताला लागत नाही असं वाटायला लागलं. खाली रस्त्यावर बायका बोलत उभ्या दिसायच्या आणि मी खिडकीतून बघायची.

मी शिस्तीची बाई. सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं, त्यामुळे मुलं वाढवण्याची इंग्रजी पुस्तकं आणून वाचली. बाहेर जायच्या आधी मुलाला सगळं सांगायचं, भीती दाखवायची नाही, खाऊचं आमिष नाही, हातात मोबाईल नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की रडायचं नाही, "नको" म्हणायचं. मुलानं "नको" म्हटलं की मोठ्यांनी ऐकायचं. हे तू फार पटकन शिकलीस. तू "नको" म्हणालीस की मी चमचा खाली ठेवायची. जेवणाच्या वेळचं रडणं तरी थांबलं.

अशात तेलगावहून फोन आला. तुमच्या गावाकडच्या आजीनं, म्हणजे बाबांच्या आईनं, नवं घर बांधलं होतं आणि वास्तुशांत होती.

"ईनबाई, लेकीला घेऊन या," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या, पर लेकरू आईबिगर ऱ्हात न्हाई. चार मान्सांत कशी ऱ्हाती ते बघते मी. न्हाईतर पोराला सांगून सुनंला माघारी बोलावते. कोर्स काय, मागून बी व्हतो."

त्या बोलल्याप्रमाणे करणाऱ्या होत्या आणि तुमच्या बाबांनी त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. आईचं वर्ष त्या एका दुपारवर येऊन अडकलं. न जाणं शक्यच नव्हतं. नाही गेले असते तर लेकरू सांभाळत नाही म्हणून लपवलं, असा अर्थ झाला असता.

उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत आम्ही पोचलो. वाटेत तू झोपलीस, ते नशीब. बायकांची पंगत बसत होती. मांडवात सतरंज्या टाकल्या होत्या आणि आम्हाला अगदी मधोमध बसवलं. पाठीला मागच्या रांगेतल्या बाईची पाठ, दोन्हीकडून गुडघे, समोर पत्रावळ्या. पंगतीतून मध्येच उठता येत नाही, हे तुम्हाला माहीत नसेल. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत सगळ्यांनी बसायचं. नव्या घराच्या पहिल्या जेवणातून व्याह्यांकडचं माणूस अर्धपोटी उठलं तर तो अपमान तर झालाच, वर अपशकुनही.

तुला आदल्या दिवशी मी सगळं सांगितलं होतं. सतरंजीवर बसायचं, हातानं खायचं, नको असेल तर काय म्हणायचं. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. आपल्याकडे पंगतीत वाढणारा "नको" ऐकतच नाही. नको म्हणणाऱ्याला दोनदा वाढायचं, यालाच आग्रह म्हणतात.

तुझ्यापुढे पांढरा भात आला. तू खुशीत होतीस. वरणाची बादली आली. तू स्पष्ट म्हणालीस, "नको."

"घे गं माय, कोरडा भात कुठं खात्यात?" म्हणत वाढणाऱ्या पोरीनं पळी रिकामी केली.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी शिकवलेलं तू चोख केलं होतंस, आणि ते खोटं निघालं होतं. मग जे झालं ते अख्ख्या मांडवानं ऐकलं. पत्रावळ शेजारच्या बाईंच्या मांडीवर गेली.

"अगं बया, माझं नवं लुगडं!"

"मोबाईल द्या की हातात, गप बसंल."

"बुंदी द्या, बुंदी."

"पोलीस आला बघ! आला बघ!"

"एक ठिवून द्या, काय लाड चाललेत," कुणीतरी मागून म्हणालं.

मांडवाच्या टोकाशी तुपाचं भांडं घेऊन गावाकडच्या आजी उभ्या होत्या. तिथूनच बघत होत्या. मला उठता येत नव्हतं. तुला घेऊन बाहेर जाता येत नव्हतं. माझे सगळे नियम तिथं पत्रावळीच्या द्रोणाएवढेही कामाचे नव्हते. मला नुसतं घरी जायचं होतं, आणि घरी जाऊन तरी काय, तीच कडी.

मी दुसरी पत्रावळ मागवली. कोरडा भात घेतला आणि त्यावर माझे दोन्ही हात आडवे धरले. पंगतीत नको म्हणायची खरी रीत तीच. वाढणारा पुढे सरकतो, कारण हातावर कुणी वाढत नाही. तुला म्हटलं, "तोंडानं नाही, असं."

हुंदके देत तू तुझे इवले तळवे माझ्या हातांशेजारी ठेवलेस. भाजी आली, गेली. मसालेभात आला, गेला. आम्ही दोघी हात आडवे धरून बसलो. कुणी सलग जेवूच देईना. एक घास घ्यायचा, की परत बादली यायची. लुगड्यावाल्या बाई पुसता पुसता म्हणाल्या, "राखणीला बसल्यासारख्या बसल्यात दोघी!"

मग तूप घेऊन गावाकडच्या आजी आल्या. वास्तुशांतीच्या घरात यजमानीणबाईंच्या हातचं तूप कुणी नाकारत नाही. त्यांनी चमचा तिरपा केला. तू हात काढले नाहीस. तुपाचा एक थेंब तुझ्या बोटावर पडला.

चमचा सरळ झाला.

"लई खमकी हाय," त्या म्हणाल्या. "आईवर गेली." आणि पुढच्या पत्रावळीकडे वळल्या.

त्या कौतुकानं म्हणाल्या की रागानं, हे मला आजही सांगता येणार नाही. निघताना त्यांनी बुंदीचा डबा बांधून दिला आणि आईला माघारी बोलावण्याबद्दल एक शब्द काढला नाही. पुढेही काढला नाही. आईचं वर्ष पूर्ण झालं.

बाहेर जाणं त्या दिवशी सोपं झालं, असं मात्र समजू नका. परतीच्या वाटेवर उसाच्या ट्रॉलीमागे तू बीडपर्यंत रडत आलीस. त्या वर्षात मी फारशी कुठे गेले नाही.

आता तू माझ्याकडे नाहीस आणि मी मनात येईल तेव्हा बाहेर पडते. दाराची कडी अजून तितक्याच उंचीवर आहे, खाली घेतली नाही. आणि रविवारी फोन सुरू असताना आईनं तुला वाढायला डाव पुढे केला, तेव्हा तू न बोलता दोन्ही हात ताटावर आडवे धरलेस, आणि आईनं डाव मागे घेतला. एवढं अजून आहे.