पुढं रेडिएटर नसलेली फ्रेंच गाडी

फरीदा मॅडमचं नाव आधी लिहितो, गाडीचं नंतर. मॅडम इन्शुरन्सच्या सर्व्हेयर. म्हणजे विमा काढण्याआधी किंवा ठोकल्यावर गाडी तपासायला येतात त्या. त्या दिवशी त्यांना थोडा उशीर झाला असता, तर मी पोलीस चौकीत बसलेलो असतो.

मी सुरगाण्याकडचा. नववीत शाळा सोडली आणि नाशिकला इंदिरानगरमध्ये बापूंच्या गॅरेजात लागलो. झोपायलाही तिथंच. त्यामुळं तिथून काही गेलं की पहिली नजर माझ्यावर.

गाडी गंगापूर रोडच्या एका बिल्डर शेठची. शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये बनलेली. लाकडी आऱ्यांची चाकं, पितळी दिवे, पुढं उतरत गेलेलं बॉनेट. शेठनं ती मोबाइलवर फोटो बघून घेतली होती. मुलीच्या लग्नात नवरदेव तिच्यातून येणार होता. ट्रेलरवरून उतरली तेव्हा शेठ नव्हता. उतरवून घेतली मी.

दुसऱ्या दिवशी शेठ आला, सोबत एक एक्सपर्ट मित्र. एक जुनी जीप आणि एक गोल टोपी, एवढ्यावर हा एक्सपर्ट. त्यानं गाडी पुढून बघितली आणि सांगितलं की जाळी नाही, रेडिएटरही नाही. रेडिएटर म्हणजे इंजिनाचं तापलेलं पाणी गार करणारा भाग. पितळ-तांब्याचा, भंगारात चांगला जातो. हे शेवटचं त्यानं माझ्याकडं बघत सांगितलं.

बॉनेटच्या मागं, ड्रायव्हरच्या पुढ्यात एक काळी पेटी होती. तिच्यावर हात आपटत शेठनं विचारलं, "कुठं विकलास?"

"शेठ, उतरली तेव्हापासून अशीच हाय."

"सुरगाण्याचा ना तू? मग झालं."

काय झालं ते सांगितलं नाही. बापू म्हणाले, पोरगं तसं नाही. पण टायरकडं बघून म्हणाले. शेठनं चौकीतल्या साहेबांना फोन लावला. खरं-खोटं नंतर ठरेल, पण आमच्याकडं सीटा भरून जाणाऱ्या जीपवाल्यांकडून बातमी त्याच संध्याकाळी गावात पोचणार. मग आमच्याकडच्या एकाही पोराला इथं कुणी कामावर ठेवणार नाही.

तेवढ्यात मॅडम आल्या. विम्यासाठी शेठनंच बोलावलं होतं. त्यांनी चोरीची हकिकत ऐकली, गाडीला एक फेरी मारली, वाकून पाइप कुठून कुठं जातात ते बघितलं.

"शेठ, तुमचा हात कशावर आहे?"

शेठनं हात उचलला. मॅडमनी किल्लीनं रंग जरासा खरवडला. खाली पितळ. वरचं झाकण मला फिरवायला लावलं, तर आत गंजाचं पाणी. मॅडम म्हणाल्या, हाच रेडिएटर; ही गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या तेव्हाच्या गाड्यांत तो इंजिनाच्या मागं असायचा. पाण्याला पंपसुद्धा नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार झालं की खाली उतरतं. आधीच्या कुणीतरी त्याच्यावर ऑइलपेंटचे थर चढवले होते. मलाही ती अवजारांची पेटीच वाटली होती. सकाळी तिला फडकं मारलं होतं मी.

एक्सपर्ट म्हणाला, "मला शंका होतीच." शेठ चौकीत परत फोन लावून म्हणाला, "राहू द्या साहेब, सापडलं." जसं काही मीच आणून दिलं.

माफी वगैरे काही नाही. उलट हुकूम सुटला की पुढं एक चकचकीत जाळी ठोका, लग्नात लोक विचारतील. ठोकली, मीच. मागं काही नाही, नुसती जाळी. लग्नात सगळ्यांनी तिच्यासमोर फोटो काढले. एक्सपर्टनं सगळ्यात जास्त.

मी एवढंच शिकलो की पैसेवाल्याची वस्तू हरवली म्हणजे ती हरवलेली असतेच असं नाही. आता जुनी गाडी आली की मी मालकालाच विचारतो, रेडिएटर दाखवा. बरेच जण पुढं बोट दाखवतात.

मॅडमना म्हटलं, तुमच्या गाडीची सर्व्हिसिंग मी करतो, पैसे नको. त्या म्हणाल्या, सर्व्हेयरनं गॅरेजकडून फुकट काही घ्यायचं नसतं, रिटायर झाले की बघू. ठीक आहे, मी थांबतो. त्या रिटायर होतील त्या दिवशी त्यांची गाडी दारातून मी घेऊन येणार. अख्खं इंजिन उतरवून, स्वतःच्या हातानं नवं करून देणार.