भाऊजींची पुढची सीट

ताईचा फोन आला तेव्हा मी कार्डिफ स्टेशनवर होतो. "हे गेले रे," ती म्हणाली, आणि लगेच, "जेवून नीघ. ट्रेनमध्ये धड काही मिळत नाही." नवरा गेल्याच्या सकाळीसुद्धा तिला दुसऱ्याच्या पोटाची काळजी...

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असा प्रघात आहे. त्यातली सोय अशी की खरं बोलावं लागत नाही. लेस्टरच्या क्रिमेटोरियममध्ये या सोयीचा सर्वांनी भरपूर लाभ घेतला. मराठी मंडळाचे अध्यक्ष तर गहिवरलेच. "आल्प्सच्या घाटात डॉक्टरसाहेबांनी पत्नीसाठी आपली जागा सोडली. आम्ही साक्षीदार आहोत!" साक्षीदार मीही आहे.

भाऊजी निष्णात सर्जन होते, याबद्दल वाद नाही. पण ऑपरेशन थिएटरमधून ते कधी बाहेर आलेच नाहीत. आम्ही नातेवाईक म्हणजे हत्यारं हातात द्यायला उभे असलेले ज्युनियर. ते निवृत्त झाले त्या वर्षी मंडळाने युरोपची सहल काढली. पॅरिस, ब्रसेल्स, स्वित्झर्लंड, व्हेनिस, सगळं एकाच कोचमधून. अशा सहलींत एक शहाणा नियम असतो. रोज सगळ्यांनी दोन रांगा मागे सरकायचं, म्हणजे पुढची काच प्रत्येकाच्या वाट्याला येते. भाऊजींनी हा नियम तत्त्वतः मान्य केला, गुडघ्याचं कारण सांगून पहिली सीट धरली, शेजारच्या सीटवर कोट आणि कॅमेरा ठेवला आणि केतकी नावाच्या गाईडच्या हातून माइक घेतला. त्यानंतर युरोपात भाऊजींना ठाऊक नसलेलं एकही चर्च उरलं नाही. दोघांच्या वाटणीचं मागे सरकणं ताईने केलं.

ताईला गाडी लागते. आणि सबंध सहलीत तिला बघायचे होते ते फक्त आल्प्स. घाट सुरू झाला तेव्हा ती शेवटच्या रांगेत, डोळे घट्ट मिटून, तोंडाला रुमाल लावून बसली होती. मी पुढे गेलो.

"भाऊजी, ताईला इथे बसू द्या. तिला काहीच दिसत नाहीये."

"अरे, गोळी दिलीय. आता झोप लागेल तिला छान."

कोच चहाला थांबला. चहा झाला, सगळे परत चढले, ताई मात्र बाहेर बाकावर बसून राहिली. केतकी धावत गेली. "काकू, चला ना, उशीर होतोय."

"तुम्ही व्हा पुढे. मी इथूनच बघते."

"अहो काकू, कोच परत यायचा नाही इकडे!"

"नको येऊ दे. झोपायला मी लेस्टरहून आले नाहीये. पुढची सीट मिळाली तर येते."

सगळ्या खिडक्यांना नाकं चिकटली. भाऊजींनी आधी ताईकडे पाहिलं, मग प्रेक्षकांकडे. आणि माइक उचलून म्हणाले, "माझ्या वाइफच्या आनंदासाठी आज मी माझी जागा सोडतो आहे." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात अध्यक्षांच्या. ताई चढली, कोट बाजूला केला आणि सबंध घाटभर समोरच्या काचेतून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी कोट पुन्हा त्या सीटवर होता.

गेल्या आठवड्यात मी लेस्टरला गेलो. ताईला बेलग्रेव्ह रोडवरून भाजी आणायची होती. भाऊजींची गाडी मी बाहेर काढली. ताईने मागचं दार उघडलं, बसली, सीटबेल्ट लावला.

"ताई, पुढे ये ना."

"पुढे?" तिने त्या सीटकडे पाहिलं. "अगंबाई, खरंच की!" ती हसली. पण उतरली नाही. "असू दे आता. चल तू."

मी निघालो. रस्त्यात दोनदा आरशात पाहिलं, तिने डोळे मिटले होते. शेजारची सीट रिकामी होती, आणि मी भाऊजींना घेऊन निघालो होतो.