ओलं फडकं

देवळाच्या भिंतीवर एक जुनी गवळण रंगवलेली आहे, पण धुरानं ती इतकी काळवंडली आहे की कॅमेऱ्यात नुसता डाग दिसत होता. गुरवमामा म्हणाले, “थांबा ताई, जरा ओलं फडकं मारतो. मग बघा, बाई कशी हसते ती!” त्यांनी पुसलं, लुगडं लालभडक झालं आणि मी घाईघाईनं फोटो काढले.

मग त्यांनी फडकं बादलीत पिळलं. पाणी तांबूस झालं.

‘भित्तिचित्रांना पाणी लावणारे गुन्हेगार आहेत’ अशी पत्रकं मीच छापून गावोगाव वाटली आहेत. आणि संग्रहालयातली नोकरी सोडून कलेचा इतिहास स्वतंत्रपणे लिहायला निघाल्यावर मिळालेल्या पहिल्याच कामात मी तोंड मिटून उभी राहिले. फोटो चांगले आले तरच पुढचं काम मिळेल, एवढंच डोक्यात होतं. नोकरीत असताना मी साहेबांना भित्रे म्हणायचे. आता डोक्यावर साहेब नाही, तरी मी त्यांच्याहून भित्री निघाले. आज पाणी चालवून घेतलं. उद्या आणखी काय चालवून घेईन, याची मला खरोखर धास्ती वाटते.

गवळण वाळत होती. चेहरा पुन्हा काळवंडला, लुगडं मात्र आधीपेक्षा फिकं दिसू लागलं.

“आला ना फोटो, ताई? का अजून एकदा मारू?” मामांनी विचारलं.

मी “नको” म्हणाले. पण त्याआधी फोटो नीट आलाय का, ते कॅमेऱ्यात बघून घेतलं.