मिळेल त्या भावात

मी जळगावला शाळेत शिकवते. माझे वडील, आमचे आबा, दोंडाईच्याला असतात. उभं आयुष्य त्यांनी मिरचीचा व्यापार केला. एका लहानशा कंपनीचे चारशे शेअर त्यांनी पूर्वीच माझ्या नावावर करून दिले होते. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा ते विकायला सांगताना फोनवर एवढंच म्हणाले, "इकी टाक."

मधल्या सुट्टीत मी मोबाइल उघडला. भाव दिसत होता तीनशे दहा. आधी निम्मे विकू, म्हणून दोनशे टाकले, 'मार्केट' निवडलं आणि बटण दाबलं. क्षणात सौदा झाला. सरासरी भाव दोनशे चौऱ्याहत्तर!

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडा तोच. माझा चेहरा पाहून शेजारी बसलेल्या शिक्षिकेने विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" मी मोबाइल घेऊन व्हरांड्यात आले.

ब्रोकरच्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तीनशे दहा हा आधीच्या सौद्याचा भाव. त्या भावाला घेणारे वीसेक शेअरचेच होते. तुम्ही 'मार्केट' निवडलंत, म्हणजे मिळेल त्या भावात विका म्हणालात, मग बाकीचा माल खाली-खाली जात विकला गेला. या शेअरला गिऱ्हाईक कमी. लिमिट लावायची, म्हणजे तुम्ही सांगाल त्याच्या खाली विकला जात नाही."

वीस वर्षं गणित शिकवतेय मी. हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी दोंडाईच्याला गेले आणि आबांना सगळं सांगितलं. ते खाटेवर ताठ उठून बसले.

"भाव ठरावा नही, आनी माल दिधा?"

"हो, आबा. भाव न ठरवताच दिला."

"फसवलं कोणी?"

"कोणीच नाही. मीच बटण दाबलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते माझ्याकडे बघत राहिले, अनोळखी बाईकडे बघावं तसे.

सोमवारी उरलेल्या दोनशेंना तीनशे पाचची लिमिट लावली. दिवसभरात एकही विकला गेला नाही, आणि बाजार बंद होताच ऑर्डर आपोआप रद्द! ती त्या दिवसापुरतीच असते. मंगळवारी परत लावली, बुधवारी पुन्हा. बुधवारी दुपारपर्यंत एकशे साठ गेले, तीनशे पाचच्या खाली एकही नाही. चाळीस अजून पडून आहेत. आबांचं ऑपरेशन नीट झालं. शेअरचा विषय मात्र ते माझ्यासमोर काढत नाहीत.