खिडकीपाशी न गेलेले मामा

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यातील फोरमनांचा एक हट्ट होता. माणसाचे चुकले, तर आधी कारण विचारावे, मग ताकीद द्यावी, आणि ताकीद वाया गेली तरच शिक्षेचे नाव काढावे. या हट्टापायी त्यांना वरूनही बोलणी बसत आणि खालूनही.

रंगखात्यातील सर्वांत जुने कारागीर म्हणजे मामा. फोरमनांना रंगाची छटा पारखायला त्यांनीच शिकवले होते. टाकी रिकामी करण्यापूर्वी कापडाचा तुकडा वाळवून खिडकीच्या उजेडात मूळ नमुन्याशी ताडायचा, असा तिथला रिवाज. कारण ओला रंग गडद भासतो. मामांनी अलीकडे हा रिवाज सोडला होता. टाकीवरच ओले कापड डोळ्यांपुढे धरून ते “माल उतरवा” म्हणत. परिणामी निळ्या कापडाचा सगळा माल फिका निघाला आणि गिऱ्हाइकाने परत धाडला. असे दुसऱ्यांदा घडले होते.

“आजच्या आज घरी बसवा त्या म्हाताऱ्याला!” मालक कडाडले.

“पहिल्या वेळी त्यांना कोणी काही विचारले होते का, साहेब?”

“विचारायला तो काय कुक्कुलं बाळ आहे? बरं, विचारा, जमलं तर पायही चेपा! पण पुन्हा माल परत आला, तर मामा जातील आणि पाठोपाठ तुम्हीही.”

फोरमनांनी मामांना एकटे गाठले. “मामा, खिडकीशी का जात नाही?”

मामा उगाचच हात पुसत राहिले. “तिथं नवशिके जातात रे. मी गेलो, की म्हणतील, म्हाताऱ्याची नजर गेली.”

“नजर शाबूत आहे हो, माल गेला!”

“मग काढून टाक मला. पण शिकवू नकोस. माझीच विद्या मलाच विकतोस?”

फोरमनांचे डोके ठणकू लागले. वाचवायला जावे, तर बुडणाराच हात झटकतो! मालकांना शिक्षा हवी, मामांनाही शिक्षाच हवी. सुधारणेचे मात्र दोघांनाही वावडे.

“ही माझी ताकीद समजा,” ते कसेबसे म्हणाले, “आणि ती आपल्या दोघांतच राहील.”

मग त्यांनी खात्यात फर्मान काढले: प्रत्येक टाकीचा तुकडा दोघांनी मिळून खिडकीशी पाहायचा, यात फोरमनही आलेच.

“एकाच्या पापाची शिक्षा सगळ्यांना?” मालकांनी टोमणा मारला.

“ही शिक्षा नव्हे, साहेब,” फोरमन म्हणाले. हे वाक्य उच्चारून उच्चारून त्यांची जीभ झिजली होती.

दुसऱ्या दिवशी मामा भांडायला निघाल्यासारखे खिडकीपाशी आले. वाळलेला तुकडा त्यांनी नमुन्यावर आपटला. तुकडा फिकाच होता. फोरमनांच्या ओठांवर चार शब्द आले.

“बोलू नकोस,” मामा गुरगुरले. “बोललास, तर उद्यापासून येणार नाही.”

फोरमनांनी शब्द गिळले. मामा टाकीकडे वळून ओरडले, “थांबा रे! उतरवू नका, रंग कमी पडलाय.”